सहकुटुंब जलप्रवास आणि लसीचा दाखला

(मंडळाच्या वार्षिक कुटुंबसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढील हिवाळ्यात मुंबई बंदरातून सभासदांची सहकुटुंब सागरसफर काढावी असा विचार कार्यकारी मंडळाने चालविला आहे. तत्पूर्वी साथीच्या काळातील जलप्रवास आणि लसीसंबंधीचे नियम या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे, दर्यावर्दीही नव्हे. आयुष्यभर विमा कचेरीत बसून दावे तपासले आणि बारीक अक्षरांतील कलमे वाचली, एवढीच माझी पात्रता. मात्र या विषयाने एकदा आमच्या घरात प्रवेश केला होता. ती हकीकत सांगावी म्हणूनच मी चिटणीसांस नकार दिला नाही.

आगबोट म्हटली की माझ्या वयाच्या मंडळींस भाऊचा धक्का आठवेल. डेकवर जागा धरण्यासाठी अंथरलेली सतरंजी, भाकरीचे गाठोडे, पोटात ढवळू लागले की नाकाशी धरावयाचे लिंबू, आणि आपले बंदर आले म्हणजे हेलकावणाऱ्या पडावात जीव मुठीत धरून टाकलेले पाऊल, असा तो प्रवास होता. त्यात सुख म्हणून शोधावे लागे. आजची सफरीची बोट म्हणजे तरंगते शहरच होय. तीत भोजनगृहे आहेत, नाट्यगृह आहे, पोहण्याचे तलाव आहेत, मुलांसाठी क्रीडांगण आहे. आजी-आजोबांस जिने चढावे लागत नाहीत आणि नातवंडे नजरेआड होत नाहीत. तीन पिढ्यांनी एकत्र राहण्यास अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि म्हणूनच आपल्यातील पुष्कळ कुटुंबे, विशेषतः ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशी, या प्रवासाकडे वळली आहेत.

परंतु ज्या गोष्टींमुळे ही बोट कुटुंबास सोयीची होते, नेमक्या त्याच गोष्टी रोगासही सोयीच्या असतात. एकच पंगत, एकच सभागृह, अनेक दिवस तीच माणसे, आणि उतरून जाण्यास वाट नाही. सेवकवर्ग तर दाटीवाटीने एकेका खोलीत राहतो आणि तोच हजारो प्रवाशांस वाढतो.

याचा धडा जगाला २०२० च्या फेब्रुवारीत मिळाला. ‘डायमंड प्रिन्सेस’ नावाची बोट ३ फेब्रुवारी रोजी जपानमधील योकोहामा बंदराशी आली. तिच्यातून हाँगकाँगला आधीच उतरून गेलेला एक प्रवासी कोविडबाधित असल्याचे तोवर उघड झाले होते. बोटीवर प्रवासी व सेवक मिळून ३,७११ माणसे होती. जपानी अधिकाऱ्यांनी प्रवाशांस आपापल्या खोलीत बंद केले. ज्यांच्या खोल्यांस खिडकीही नव्हती त्यांस पाळीपाळीने थोडा वेळ वरच्या डेकवर सोडीत. सेवकांस मात्र कोठे बंद होता येणार? दारोदार जेवणाची ताटे त्यांनीच पोहोचवावयाची होती. शेवटी ७१२ जणांस संसर्ग झाल्याचे आढळले, आणि त्यांपैकी ३३१ जणांस तपासणीच्या वेळी रोगाचे एकही लक्षण नव्हते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांतील सहाच प्रवासी होते, बाकीचे १३२ बोटीचे नोकर. सफरीचा विचार करताना आपण आपल्या खोलीचा आणि खिडकीचा विचार करतो. ताट घेऊन दारात उभा राहणारा मुलगा गोव्याचा किंवा कोकणचाही असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

बोट आणि रोग यांचे हे नाते पुरातन आहे. आज ज्या नगरास दुब्रोव्हनिक म्हणतात त्या रागुसाने १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे हे तीस दिवस चाळीस झाले, आणि व्हेनिसकरांच्या भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द जगभर पसरला. तेव्हा लस नव्हती. त्यामुळे थांबवून ठेवणे एवढाच उपाय होता, आणि तो लहानथोरांस सारखाच लागू होता. लस आली आणि दाखला आला. या सभागृहातील काही वृद्धांच्या पेटीत अजूनही ती पुस्तिका सापडेल. पूर्वी परदेशी जावयाचे तर देवी टोचल्याचा दाखला तीन वर्षे चाले, पटकीचा जेमतेम सहा महिने. तो नसला तर विमानतळावर दंड पुढे करून तेथल्या तेथे सुई टोचून घ्यावी लागे. त्या दाखल्यांबद्दल कोणी मोर्चे काढल्याचे मला आठवत नाही. लोक कुरकुरत आणि टोचून घेत.

मग २०२१ साली एवढा कलह का माजला? माझ्या मते त्याचे एक कारण असे की, या वेळी लस सर्वांस एकदम मिळाली नाही, ती वयाच्या पायऱ्यांनी खाली उतरली. अमेरिकेत फायझरच्या लसीस डिसेंबर २०२० मध्ये अनुमती मिळाली ती १६ वर्षांवरील माणसांसाठी. १२ ते १५ वर्षांच्या मुलांची पाळी मे २०२१ मध्ये आली. ५ ते ११ वर्षांच्या मुलांस २९ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्याहून लहान बालकांस जून २०२२ पर्यंत. आपल्याकडेही क्रम तसाच राहिला. आधी ६० वर्षांवरील, मग ४५, मग १८. आणि १५ ते १८ वर्षांच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले. म्हणजे जवळजवळ वर्षभर एकाच घरातील आजोबा दाखलेवाले आणि नातू बिनदाखल्याचा, अशी स्थिती होती. यात नातवाचा अपराध कोणताच नव्हता. त्याने लस नाकारली नव्हती, त्याला ती देऊ करण्यात आलीच नव्हती.

आता बोटींचे पाहा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १४ मार्च २०२० रोजी सफरीच्या बोटी बंद केल्या आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला अटींवर सुरू करण्याचा हुकूम काढला. पुढे २०२१ च्या वसंतात त्यांनी कंपन्यांपुढे एक पर्याय ठेवला. ज्या बोटीवर सेवकांपैकी ९८ टक्के आणि प्रवाशांपैकी ९५ टक्के लोकांची लस पूर्ण झाली असेल, तिने चाचणीच्या फेऱ्या केल्या नाहीत तरी चालेल. हिशेबाची सवय असलेल्या माणसाने या आकड्याकडे जरा निरखून पाहावे. तीन हजार प्रवाशांच्या बोटीवर पाच टक्के म्हणजे दीडशे जागा. शाळेच्या सुटीत निघणाऱ्या कौटुंबिक बोटीवर बारा वर्षांखालील मुले याहून सहज अधिक भरतील. तेव्हा हा नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याचे ओझे मुख्यत्वे लहान मुलांच्या कुटुंबांवर पडले.

कंपन्यांनी यातून निरनिराळ्या वाटा काढल्या. काहींनी ठरविले की, लस घेतल्याखेरीज कोणीही चढावयाचे नाही, मूल असो वा म्हातारा. काहींनी मुलांस तपासणी करून घेतले, परंतु त्यांच्यासाठी काही भोजनगृहे आणि खेळ बंद ठेवले. फ्लॉरिडा राज्याने तर उलटाच कायदा केला. ग्राहकापाशी लसीचा दाखला मागाल तर दर वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड! मध्यवर्ती केंद्र म्हणे विचारा, राज्य म्हणे विचारू नका. प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये एका बोटकंपनीच्या बाजूने तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरविला. तोपर्यंत बोटी पुष्कळ पुढे निघून गेल्या होत्या. या वादाचा अधिक विस्तार मी करीत नाही. वकिलांनी तो पुरेसा केला आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. २०२१ साली मला ७५ वर्षे पूर्ण झाली. मार्च आणि एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतांनी कोविशील्डच्या दोन्ही मात्रा घेतल्या आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाकडे न्यू जर्सीस पोहोचलो. त्यानंतर पंधरवड्यातच, ४ मे रोजी, भारतातून येणाऱ्या बहुतेक परकीय प्रवाशांस अमेरिकेने दार लावले. इकडे दुसरी लाट उसळली होती. ज्ञातीतील कोणाकोणाच्या घरी त्या दोन महिन्यांत काय घडले ते या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही. तिकडे आमच्या दूरध्वनीची घंटा वाजली की सौभाग्यवती देवाकडे पाही आणि मगच उचलू देई.

अशा दिवसांत मुलाने मनाशी ठरविले की, बाबांची पंचाहत्तरी बोटीवर करावयाची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील सफर त्याने सहा जणांसाठी नोंदविली. आम्ही दोघे, तो व सूनबाई, चौदा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. नोंदणी केली तेव्हा मुलांचा नियम ठरावयाचा होता. तो ठरला तेव्हा असा ठरला की, लस पूर्ण झालेल्यांखेरीज कोणासही बोटीवर प्रवेश नाही, आणि यास अपवाद नाही. नातीने मे महिन्यातच लस टोचून घेतली होती. नऊ वर्षांच्या मुलासाठी लसच नव्हती.

रात्री जेवणाच्या मेजावर विचारविनिमय सुरू झाला. मुलगा म्हणाला, “सात दिवसांचाच तर प्रश्न आहे. त्याला त्याच्या दुसऱ्या आजीकडे ठेवू.” सूनबाई काही बोलली नाही, ताट घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी तिने दुसरी एक बोट शोधून काढली. त्या कंपनीचा नियम असा होता की, बारा वर्षांखालील मुलांस तपासणी करून घेऊ. “बाबा, हिच्यावर आपण सगळे जाऊ शकतो,” ती म्हणाली. आता मुलगा गप्प झाला. कारण सौभाग्यवतीस कित्येक वर्षांचा दमा आणि जोडीला मधुमेह. लस घेतलेल्या माणसांसही डेल्टा नावाचा नवा प्रकार गाठीत होता, हे तोवर सर्वांस कळून चुकले होते. ज्या बोटीवर बिनलसीची शेदीडशे मुले चढणार, तीवर आईला न्यावे की न्यावे ना?

म्हणजे पाहा, एक बोट आजीला सुरक्षित ठेवी आणि नातवास दाराबाहेर काढी. दुसरी नातवास आत घेई आणि आजीला धोक्यात घाली. दोन्ही कंपन्यांचे नियम आपापल्या जागी समर्थनीय होते. मी विम्यात आयुष्य घालविले आहे; जोखीम मोजणाऱ्याने कोठे तरी रेघ ओढावीच लागते हे मला समजते. परंतु बोट डोकी मोजते, कुटुंब मोजीत नाही. आणि आम्ही तर कुटुंब म्हणून निघालो होतो.

हा खल आठ-दहा दिवस चालला. मीही त्यात मागे नव्हतो. ‘हा काय जुलमी नियम!’ असे मी मोठ्याने म्हणालो, एकदा नव्हे, अनेकदा. आज मला खंत वाटते ती त्या नियमाची नव्हे, त्या मोठ्या आवाजाची. कारण एके दिवशी सकाळी पाहिले तो नातू आजीच्या खोलीच्या उंबरठ्यावर उभा. रोज तो तिच्या पलंगावर उडी मारून गोष्ट ऐकावयास बसे. त्या दिवशी मुखपट्टी लावून दारातच थांबला. तिने “ये ना रे,” म्हटले, तर म्हणाला, “आजी, माझ्यामुळे तुला होईल का?”

हे त्याला कोणी शिकविले? बोटकंपनीच्या पत्रकात तसे काही नव्हते. पत्रकात एवढेच होते की, लस पूर्ण न झालेल्या व्यक्तीस प्रवेश नाही. ‘त्याच्यामुळे’ हा शब्द आमच्या मेजावरचा होता. त्याच्यामुळे जाता येत नाही, त्याच्यामुळे बोट बदलावी लागेल, त्याच्यामुळे आईला धोका. आम्ही चार सुशिक्षित माणसे आठ दिवस त्याच्यादेखत हा शब्द वापरीत होतो आणि नऊ वर्षांचे मूल तो मोजीत होते.

त्या दिवशी आम्ही सफर रद्द केली. न्यायाने सांगितले पाहिजे की, कंपनीने पैसे विनातक्रार परत दिले. पंचाहत्तरी आम्ही न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एक लहान घर तीन दिवस भाड्याने घेऊन केली. दारे-खिडक्या उघड्या होत्या, गर्दी नव्हती, आणि सौभाग्यवतीने शिजविलेला साखरभात किंचित करपला होता. सर्वजण आनंदात होते असे मी सांगितले तर ते पूर्ण खरे होणार नाही. तेथेही नातू आजीपासून दोन हात दूर चालत होता, आणि मुखपट्टी काढ म्हटले तरी काढीत नव्हता. त्या मुलाच्या मनातून ती गोष्ट जाण्यास बोटीच्या सात दिवसांपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला. आमची मुदत संपत आली होती, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यास आम्ही मायदेशी परतलो. नोव्हेंबरात त्याला पहिली मात्रा मिळाली तेव्हा त्याने दूरध्वनी केला आणि पहिला प्रश्न आजीलाच विचारला, “आता मी तुझ्याजवळ बसू ना?” तोवर आम्ही आठ हजार मैलांवर येऊन बसलो होतो.

आम्ही भाग्यवान एवढ्यापुरते की, आमची लस तिकडे मान्य होती. आमच्याच परिचयातील ज्या वृद्धांनी कोव्हॅक्सिन घेतली होती, त्यांचे दाखले ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या लसीस मान्यता देईपर्यंत तिकडे जमेस धरले जात नव्हते. दोन मात्रा घेतलेला ऐंशी वर्षांचा माणूस, आणि नियमाच्या दृष्टीने तो व आमचा नातू एकाच रांगेत!

आता कोणी म्हणेल की हे अमेरिकेचे झाले. तर आपल्याच किनाऱ्याचे पाहू. नववर्षानिमित्त मुंबईहून गोव्यास गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या बोटीवर जानेवारी २०२२ च्या आरंभी एक सेवक बाधित आढळला. बोटीवर सुमारे दोन हजार माणसे होती. मुरगाव बंदरात प्रवाशांस उतरू न देता सर्वांची तपासणी झाली, तेव्हा ६६ जण बाधित निघाले, आणि शेवटी बोट मुंबईस परत फिरली. आपल्या देशात पंधरा वर्षांवरील मुलांस पहिली सुई ज्या दिवशी टोचली गेली, तो दिवस याच आठवड्यातला होता. त्याखालच्या मुलांची पाळी तर मार्चमध्ये, तीही १२ वर्षांपर्यंतच आली. म्हणजे त्या बोटीवर जी मुले असतील ती सारी बिनलसीची होती. ओमायक्रॉन नावाच्या प्रकाराने तोवर आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. लस माणसाचा जीव वाचविण्यास मोठी मदत करते, परंतु एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा संसर्ग ती पूर्णपणे अडवीत नाही. त्यामुळे दाखला खिशात आहे एवढ्यावरून शेजारचा निर्धास्त होऊ शकत नाही.

येथे मला पुन्हा त्या जुन्या पुस्तिकेची आठवण होते. पटकीच्या लसीचा दाखला १९७३ साली आंतरराष्ट्रीय नियमांतून काढून टाकण्यात आला. ती लस रोगाचा देशोदेशीचा प्रसार थांबवू शकत नाही, हे अनुभवाने सिद्ध झाले म्हणून. देवीचा दाखला गेला तो निराळ्या कारणाने, तो रोगच जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. पिवळ्या तापाचा दाखला मात्र आजही आहे, कारण ती लस दीर्घकाळ आणि भक्कम संरक्षण देते. २०१६ पासून तो आजन्म चालतो. कोविडचा दाखला पटकीच्या वाटेने गेला. अमेरिकेच्या केंद्राने बोटींवरील आपला कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये आटोपला, आणि विमानाने येणाऱ्या परकीयांवरील लसीची अट १२ मे २०२३ रोजी उठली. याचा अर्थ २०२१ सालचा नियम मूर्खपणाचा होता असा कोणी काढू नये. त्या वेळी जे ठाऊक होते त्यावर तो केला होता. नियम करणाऱ्याने तो केव्हा मोडीत काढावा हेही पाहावयास हवे, आणि पाळणाऱ्याने तो कोणासाठी आहे हे.

जाता जाता पिवळ्या तापाविषयी एक व्यवहारी सूचना. आपल्यापैकी जे कोणी आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर जाणार असतील, त्यांनी प्रयाणापूर्वी निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात ही लस घ्यावी. कारण दाखला दहा दिवसांनंतरच वैध होतो. त्या मुलखातून दाखल्याशिवाय भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याची तरतूद आपल्या सरकारच्या नियमांत आहे. नऊ महिन्यांखालील बाळास ही लस सामान्यतः देत नाहीत, आणि वृद्धांस ती देताना वैद्य अधिक विचार करतात. म्हणजे येथेही तेच. घरातील सर्वांत धाकटा आणि सर्वांत थोरला, या दोघांची चौकशी आधी करावी आणि मग तिकिटे काढावीत.

आता आपल्या नियोजित सफरीसंबंधी मला कार्यकारी मंडळास काही सांगावयाचे आहे. नोंदणीच्या अर्जात ‘एकूण व्यक्ती किती’ एवढाच रकाना ठेवलेला मी पाहिला. तेथे प्रत्येकाचे वय असावे. आजारांची माहिती मात्र अर्जात मागू नये. आपल्या ज्ञातीत वैद्यकीय व्यवसाय करणारी मंडळी आहेत. त्यांपैकी एकास नेमावे, ज्याला हवे त्याने त्यांच्याशी एकान्तात बोलावे, आणि ते कागद मंडळाच्या दप्तरात येऊ नयेत. उद्या एखादी नवी साथ उद्भवली आणि कंपनीने काही अट घातली, तर कुटुंबातील एकास नाकारले असता त्या संपूर्ण कुटुंबाचे पैसे परत मिळतील, असे कलम करारातच लिहून घ्यावे. प्रवासाच्या विम्यावर विसंबून राहू नये. साथीचा रोग विम्यात अंतर्भूत आहे की वगळला आहे हे आधी पाहावे. शिवाय नातवाला नाकारले म्हणून आजोबांनी रद्द केलेला प्रवास हा ‘स्वेच्छेने रद्द’ धरला जाऊ शकतो. असली कलमे वाचून नाकारलेले दावे मी माझ्या हाताने सही करून परत पाठविले आहेत, म्हणून सांगतो. कंपनी असे कलम देण्यास तयार नसेल, तर तेवढी रक्कम मंडळाने राखीव निधीतून उभी करावी. खजिनदारांच्या कपाळावर आठी पडलेली मला येथून दिसते आहे. तरीही माझा आग्रह आहे.

आणखी एक गोष्ट बोलावी की न बोलावी याचा मी पुष्कळ विचार केला. २०२२ च्या आरंभी आपल्याच एका छोटेखानी कार्यक्रमाच्या वेळी दारावर मेज मांडून दाखले तपासले गेले. ते सरकारी नियमास धरूनच होते. परंतु एका भगिनीस दाखला नाही म्हणून सर्वांदेखत परत पाठविण्यात आले. त्यांस पूर्वी औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली होती आणि वैद्याने त्यांस थांबण्यास सांगितले होते, हे नंतर कळले. त्या दिवशी मी त्याच मेजापाशी उभा होतो आणि काही बोललो नाही. तेव्हापासून त्या आपल्या एकाही समारंभास आलेल्या नाहीत. सफरीचे पहिले निमंत्रण अध्यक्षांनी आणि मी त्यांच्या घरी जाऊन द्यावे, असे माझे म्हणणे मी अध्यक्षांच्या कानावर घातले आहे. त्यांनी होकार दिला आहे.

माझ्या नातवाचे मंडळास काय, असे कोणी विचारील. तो आता उंचीने माझ्यापेक्षा वरचढ झाला आहे. हिवाळ्याच्या सुटीत तो आणि नात इकडे येणार आहेत. चिटणीसांनी आज प्रवेशद्वारापाशी नोंदणीची वही ठेवली आहे. तीत मी चार नावे लिहून आलो आहे. त्यांत पहिले नाव त्याचे आहे, आणि दुसरे त्याच्या आजीचे. वयाचा रकाना वहीत नव्हता, म्हणून तो मी समासात लिहिला.

 चहा बाहेरच्या पडवीत आहे असे चिटणीस खुणेने सांगत आहेत.